चौदा नंबरची बॅच

व्हिडिओत बाई कोल्हापूरच्या.
ओट्यावर स्टीलची परात,
परातीत आमचे सोडे, आणि सोड्यांवर
पांढरी, मऊ, जावळासारखी बुरशी.
मग पाकीट उलटं करून त्यांनी वाचलं, सावकाश,
वर्गात हजेरी घ्यावी तसं:
सागरगंधा महिला सुकी मासळी सहकारी संस्था, निवती.
एकेचाळीस सेकंद.
दुपारी ते कुडाळात पोचलं, संध्याकाळी
वेंगुर्ल्याला, माझ्या माहेरी,
जिथून वहिनीनं फोनवर एवढंच विचारलं,
तब्येत बरी ना?

बैठक साडेसातला, बर्फाच्या कारखान्यामागं.
सुहासिनी मेथर, अध्यक्ष, म्हणाल्या,
लिहा की पाकीट आपलं नव्हेच.
लेबल काय, कोणीही छापतं.
सावंतवाडीचे सल्लागार म्हणाले, थांबा,
आणि भिंतीला कागद चिकटवला:
आडवी शक्यता, उभा परिणाम,
पंचवीस चौकटी, हिरव्या, पिवळ्या, लाल.
रुक्मिणकाकी चष्मा पुसत जवळ गेली.
"आणि पत्र्याचां भोक?
तां खंयच्या चौकटीत?"

कारण भोक होतं.
वाळवणाच्या शेडला, उत्तरेच्या कोपऱ्यात, रुपयाएवढं.
दिवाळीनंतरच्या त्या अवकाळी सरीत
चौदा नंबरचा माल नेमका तिथं.
अजून एक ऊन हवं होतं.
एकच.
पण दारात टेंपो, इनास हॉर्नवर हात ठेवून,
आणि तपासणीच्या रकान्यात
जी सही आहे, ती माझी.
वळणदार करते मी. शाळेपासून.

आम्ही होडीला होडी म्हणतो.
नाव हा शब्द इथं रजिस्टरातच राहतो,
सभासदाचं नाव, वारसाचं नाव.
तरी त्या रात्री डोक्यात फिरत राहिलं,
नाव बुडतं, नाव बुडते,
दोघांत फरक तो केवढा,
एका अनुस्वाराचा,
म्हणजे टाचणीनं पाडलेल्या भोकाचा.

काकीनं टोपलीची गोष्ट सांगितली.
पंचवीस वर्षं डोक्यावरून पाटपर्यंत, परुळ्यापर्यंत.
"ज्या दारात वायट गेला
त्या दारात दुसऱ्या दिवशी पयला जावचा.
चार बोल खावचे.
टोपली उघडी करून पुढ्यात ठेवची.
वळसो घालून गेलंस,
तर आख्खी वाडी बंद झाली म्हणून समज."
सल्लागारांनी हे वहीत टिपून घेतलं.
मी उठले, म्हणाले, सही माझी आहे.
कोणी काही बोललं नाही.
पंख्याचा आवाज किती मोठा असतो
तेव्हा कळलं.

पत्र चार ओळींचं झालं.
पाकीट आमचं आहे. माल ओला होता.
चौदा नंबरची सगळी पाकिटं परत घेतो, पैसे देतो.
चौथी ओळ सुहासिनीबाईंनी तीनदा खोडली
आणि शेवटी स्वतःच पुन्हा लिहिली:
चूक आमची.

फोंड्याच्या घाटात काकीला गाडी लागली.
राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
बाईंनी दार साखळीएवढं उघडलं.
आधी फोन वर आला, मग त्यांचा चेहरा.
आम्ही बोललो.
त्या ऐकत होत्या की शूटिंग करत होत्या
ते सांगता येत नाही.
चहा विचारला नाही.
ते बरोबरच होतं.

दोनशे बारा पाकिटं परत आली.
माडांच्या मुळाशी पुरली,
तरी आठवडाभर कुत्री उकरत होती.
तोट्याच्या रकान्यात आकडा लिहिला.
दुसरं जे गेलं त्याला रकाना नाही,
म्हणून पान तसंच अर्धं सोडलं.

पत्रा आता नवा आहे.
पाऊस नसतानाही मी त्याखाली उभी राहते,
वर बघत.

मार्चात कोल्हापूरहून एक मागणी आली,
दुसऱ्याच दुकानाची, सहा पाकिटांची.
इनास म्हणाला, सहांसाठी डिझेल जाळू?
मी एकेक पाकीट उजेडात धरून पाहिलं,
मोजून दिली,
परत घेतली,
पुन्हा मोजली.